पाठची

ताई भर रस्त्यात गर्रकन मागे वळली, पण टाचणी तिच्याहून चपळ निघाली. अर्धं वर्तुळ मारून ती पुन्हा ताईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, बरोबर दोन पावलांवर, दप्तर पोटाशी धरून. ताई पुन्हा वळली. टाचणी पुन्हा पळाली. सायकल दुरुस्त करणारा माणूस हातातलं चाक फिरवायचं थांबून हा खेळ बघत राहिला. त्याला वाटलं, काय मजेत आहेत दोघी बहिणी.

ताई मजेत नव्हती. तिच्या हातांवर ग्रंथालयाच्या अकरा पुस्तकांची चळत होती, सुतळीने आवळलेली, वरून हनुवटीने दाबून धरलेली. एवढं ओझं घेऊन गिरक्या घेणं ही काही गंमत नव्हे. तिने आधी दटावून पाहिलं, मग गोडीत घेऊन पाहिलं, मग रंगीत खडूंची नवी पेटी देऊ केली. टाचणी कशालाच बधली नाही. खडूंचं नाव निघाल्यावर तिने क्षणभर विचार केला, एवढंच.

“पाठ सोड माझी,” ताई शेवटी दात आवळून म्हणाली.

“सोडता येत नाही,” मागून आवाज आला. “मी पाठची आहे.”

हे खूळ आठ दिवसांपूर्वी सुरू झालं होतं. ग्रंथपाल बाई फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन घराला लागूनच असलेल्या बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात आल्या होत्या. आई मोठ्या सुईने पुस्तकांचे फर्मे, दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवत होती, बाबा कटिंग मशीनशी होते, आणि नुकतीच शाळेतून आलेली टाचणी टेबलाखाली दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती. ग्रंथपाल बाईंनी खाली वाकून विचारलं, हे रत्न कोण? आईने सुईवरची नजर न काढता सांगितलं, “ही थोरलीच्या पाठची.” मग दोघींमध्ये आठ वर्षांचं अंतर कसं पडलं, यावर बायकाबायकांत जे बोलणं व्हायचं ते झालं, चहा झाला, बाई गेल्या. टेबलाखालून टाचणी बाहेर आली ती कामावर रुजू होऊनच.

तेव्हापासून ताई जिथे, तिच्या मागे दोन पावलांवर टाचणी. ताई नळाशी उभी राहिली की ही मागे. ताई केस विंचरायला बसली की ही मागे, त्यामुळे आरशात ताईच्या खांद्यावरून दोन डोळे डोकावायचे. जेवतानाही ती ताट उचलून ताईच्या मागे जाऊन बसली, तेव्हा मात्र आईने सांगितलं की जेवणाची सुटी असते, प्रत्येक नोकरीत असते. टाचणीने खात्री करून घ्यायला बाबांकडे पाहिलं. बाबांनी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. मग ती समोर येऊन बसली, पण भराभर जेवून पुन्हा हजर झाली. घेतलेला नेम मोडायचा नाही, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं; तिचा पिंडच तसा. नावही बाबांनी ते बघूनच ठेवलं होतं. अंगाने काडी, आणि एकदा टोचली की निघायचं नाव नाही.

ताईने हार मानली आणि चालू लागली. पलीकडच्या बाजूला झाडांची सावली होती, पदपथही रुंद होता, पण ती अलीकडून, खांदा भिंतीला जवळजवळ घासत चालली. ग्रंथालयात तिने चळत टेबलावर ठेवली आणि ग्रंथपाल बाई पुस्तकं तपासून सही करीपर्यंत कपाटाला पाठ लावून उभी राहिली. मागे जागाच उरली नाही, तशी टाचणी पेचात पडली. शेवटी ती कपाटाला वळसा घालून पलीकडे गेली आणि दोन पुस्तकांच्या फटीतून तिने ताईच्या मानेवर लक्ष ठेवलं.

भिंतीचं हे वेड दोन महिन्यांचं. आधी ताई अशी नव्हती. शाळा सुटली की रस्त्याच्या मधोमध दप्तर गरगरा फिरवत यायची, आणि दुकानात शिरताना बाबांच्या कानावरची पेन्सिल पळवायची. मग एके दिवशी शाळेतून निरोप आला. ताईने वर्गाच्या मॉनिटरला ढकललं होतं, ती मुलगी पायरीवरून पडली, तिचं मनगट मुरगळलं. का ढकललं, ते ताई मोठ्या बाईंना सांगेना, बाबांना सांगेना, आईला तर नाहीच नाही. माफी माग म्हटलं तर ओठ मिटून उभी. आठ दिवस शाळेत येऊ नकोस, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. ते आठ दिवस संपले, आणि मग ताईच गेली नाही. दोनदा बाबा तिला फाटकापर्यंत सोडून आले. दोन्ही वेळा ते दुकानात पोचायच्या आत ती दुसऱ्या रस्त्याने घरी आलेली असे, कोपऱ्यात पुठ्ठ्यांच्या थप्पीला टेकून बसलेली. बोलता बोलता तिचा हात मध्येच मागे जाई आणि पाठ चाचपून परत येई. आईला वाटलं, पाठ दुखते. चार दिवस तेल चोळून झालं. पाठ दुखत नव्हती.

आईबाबांनी रागावून पाहिलं. पुढे त्यांनी रागावणं सोडलं, ते ताईला जास्त जड गेलं. ती दुकानात कामाला बसू लागली, आणि काम फार चांगलं करू लागली, ही आणखी एक पंचाईत. खळ लावताना तिचा हात अगदी बाबांसारखा सपासप चाले. एक गाठ नाही, एक थेंब बाहेर नाही. बाबा कौतुकाने बघत राहायचे आणि आपण कशाचं कौतुक करतो आहोत हे ध्यानात आलं की गडबडीने मशीनकडे वळायचे.

आणि आता मोठ्या बाईंचं पत्र आलं होतं. परीक्षेला महिना राहिला आहे. सोमवारी पहिल्या तासाला ताई वर्गात बसलेली नसेल, तर पटावरून तिचं नाव काढावं लागेल. पत्र टाइप केलेलं आणि कडक होतं, पण खाली बाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती: पहिल्या बाकावर तुझी जागा राखून ठेवली आहे. त्यांनी ते मायेनेच लिहिलं असणार. आईने ती ओळ दोनदा वाचून दाखवली आणि दोन्ही वेळा ताईचा चेहरा उतरला. पहिला बाक, म्हणजे अख्खा वर्ग पाठीमागे.

जाईन, असं ती म्हणाली. तसं ती याआधीही म्हणाली होती. त्या दिवसापासून आईने सकाळच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढवलं. काय वाढवलं, ते घरात कोणी विचारलं नाही.

रविवारी दुकान बंद होतं, पण शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड अर्धवट पडले होते. दुपारी ताई ते घेऊन बसली. जुन्या पुस्तकाच्या पाठीवरची वाळकी खळ ओल्या फडक्याने भिजवायची, ती सुटली की बोटाने हळूहळू खरवडायची, मग नवी खळ देऊन त्यावर कापडाची पट्टी बसवायची. हे काम दुकानाच्या मधल्या टेबलावरच होतं. तिथे टेकायला काही नव्हतं. मागे स्टुलावर टाचणी पाय हलवत बसली होती. पहिला खंड पुरा होत आला तेव्हा ताईच्या लक्षात आलं की तास उलटला आणि आपला हात एकदाही पाठीकडे गेला नाही.

“टाचणे,” ब्रश न थांबवता ती म्हणाली, “दिवसभर मागून तुला दिसतं तरी काय?”

टाचणीने प्रश्न कामाचा म्हणूनच घेतला आणि क्रमाने सांगायला सुरुवात केली. वेणी दिसते, ती उजवीकडे वाकडी असते. मानेवर एक तीळ आहे, तो ताईला स्वतःला माहीत नसणार. काही आठवत असली की ताईचे कान हलतात. डाव्या चपलेची टाच उजवीपेक्षा जास्त झिजली आहे आणि हे आईला सांगायला हवं.

“आणि पाठीवर काही नाही,” ती शेवटी म्हणाली. “मी सारखी बघते. काही नाही.”

ब्रश थांबला. ताईने सावकाश मागे वळून पाहिलं. या वेळी टाचणी पळाली नाही. फक्त तिचे पाय हलायचे थांबले.

“पाठीवर काय असणार?”

टाचणीने आधी दरवाजाकडे पाहिलं, मग ताईकडे.

“रद्दी,” ती हळूच म्हणाली.

आतल्या खोलीत बाबांचं घोरणं चालू होतं. मग टाचणीच सांगत गेली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती रोजच्यासारखी ताईबरोबर निघाली, पण बुटाचा बंद सुटला म्हणून मागे राहिली. तेव्हा तिला तो कागद दिसला. चौकोनी, लाल अक्षरांचा, ताईच्या पाठीवर नीट मधोमध चिकटवलेला. रस्त्यातली माणसं बघत होती, दोन बायका हसल्याही. टाचणीलाही हसू आलं, आणि पुढे घरापर्यंत ती मुद्दामच मागून आली, कारण मागून छान दिसत होतं. तिच्या वर्गातल्या एका मुलाला शर्यतीत पहिला आल्यावर छातीवर असाच कागद लावला होता. मोठ्या मुलींना पाठीवर लावत असतील, असं तिला वाटलं.

“मी वाचायला बघितलं,” ती म्हणाली. “र येत होता मला. वेलांटीपण येत होती. पण मधल्या द-ला खाली आणखी काहीतरी लटकत होतं. ते येईना. रदी असं तर काही नसतंच.”

“मग?”

“मग म्हटलं, घरी गेल्यावर तूच सांगशील. बक्षीस मिळालं की घरी सांगतात. तू सांगितलंच नाहीस.”

ताईला तो रस्ता आठवला. घरी येऊन कपडे बदलताना कागद हाताला लागला होता, आणि मग एकेक करून सगळे आठवले होते: कोपऱ्यावरचा दुकानदार, बसच्या रांगेतली माणसं, आपल्याला बघून तोंडावर हात धरणाऱ्या वर्गातल्या मुली. कागदाचे तिने इतके बारीक तुकडे केले होते की त्यातलं अक्षर जुळवू म्हटलं तरी जुळू नये. दुसऱ्या दिवशी मॉनिटरच्या दप्तरात लाल पेन दिसलं, आणि पुढचं पायरीवर झालं. घरी सांगायचं म्हणजे तो शब्द बाबांसमोर उच्चारायचा. दुसऱ्यांची फाटकी पुस्तकं ज्यांच्या दारात येऊन पडतात, त्यांच्यासमोर. तो कागद तिच्या एकटीच्या पाठीवर नव्हता.

टाचणीचं सांगणं अजून संपलं नव्हतं. त्यांच्या वर्गात जोडाक्षरं आता कुठे सुरू झाली होती. बाईंनी फळ्यावर आधी गड्डी लिहिलं. मग चड्डी लिहिलं, त्यावर अख्खी पहिली ब बाकांवर लोळली. टाचणी एकटी हसली नाही, कारण तोवर बाईंनी त्याच्या खाली तिसरा शब्द लिहिला होता, आणि तो तिने याआधी पाहिला होता. त्याच दुपारी ती टेबलाखाली दोरे वेचत बसली, आणि आई ग्रंथपाल बाईंना ते पाठचीचं म्हणाली.

“मी तेव्हाही मागेच होते,” टाचणी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. “पण मला वाचता येत नव्हतं. आता येतं.”

ताईने ब्रश खळीच्या डब्यात ठेवला. तो तिरका होऊन आत बुडाला, तरी तिने काढला नाही.

“चड्डीलासुद्धा हसली नाहीस?” तिने विचारलं.

टाचणीने खिन्नपणे मान हलवली.

ताईच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. आधी टाचणीला वाटलं, रडते आहे. पण ताई हसत होती. तो सगळा रस्ता आज पहिल्यांदाच तिला मागून दिसला होता: पुढे पाठीवर रद्दी लिहिलेली मोठी बहीण, आणि मागे सुटल्या बंदाने, छाती पुढे काढून, बक्षीस मिरवत चालणारी धाकटी. “बक्षीस,” ती म्हणाली, आणि पुन्हा तिला हसू आवरेना. तिने डोळे पुसायला हात वर नेला आणि हाताची खळ नाकाला लागली. ते बघून टाचणीचं आठ दिवस कोंडलेलं चड्डीचं हसूही बाहेर पडलं. ती स्टुलावरून घसरली आणि जमिनीवर बसून हसत राहिली. शब्दकोशाचा दुसरा खंड तसाच ओला पडून होता.

आतल्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिने तशीच छातीशी धरली. बाबांचं घोरणं थांबलं होतं. ते डोळे उघडे ठेवून पडून होते. उठून बघावं, असं दोघांनाही वाटलं, आणि दोघंही जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी जेवताना ताईने सांगितलं. भाताकडे बघत सांगितलं, पण सगळं सांगितलं. आपण ढकललं ते चुकलं, हेही. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जेवण होईपर्यंत काढला नाही, म्हणून तिला एका हाताने वाढावं लागलं. बाबांनी वाटीतलं वरण संपवलं. मग म्हणाले की त्यांच्या दुकानात रद्दी येते हे खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण थोरलीच्या हाताखालून गेल्यावर तिला कोणी रद्दी म्हणून दाखवावं.

सोमवारी बाबा चपला घालून तयार होते. ताई म्हणाली, नको, जाते मी. पहिलीचा वर्ग तासाभराने भरायचा, तरी टाचणी ताईबरोबरच निघाली, हे सांगायला नकोच. निम्मा रस्ता ताई भिंतीच्या कडेने चालली. वळणावर एक हातगाडी आडवी लागली, म्हणून तिला रस्त्याच्या मध्ये यावं लागलं, आणि पुढे परत भिंतीकडे जायचं राहून गेलं.

मोठ्या वर्गांच्या जिन्याशी दोघी थांबल्या. लहान मुलांना वर जायला मनाई होती. ताईने सांगितलं की इथून पुढे तिचं तिला जायचं आहे आणि टाचणीने खालच्या ओट्यावर शहाण्यासारखं बसायचं आहे. टाचणी लगेच बरं म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली, पण ताईचं लक्ष वरच्या पायऱ्यांकडे होतं.

वर्गात ती शिरली तेव्हा बोलणं एकदम थांबलं आणि मग घाईघाईने पुन्हा सुरू झालं. पहिला बाक खरोखरच रिकामा होता. त्याच्या मागच्याच बाकावर मॉनिटर बसली होती, शेजारी दप्तर ठेवून. दोघींची नजरानजर झाली. ताईने घरून एक वाक्य ठरवून आणलं होतं, मनगटाबद्दलचं. ते घशापर्यंत आलं, पण तेवढ्यात गणिताच्या बाई आल्या आणि सगळे उभे राहिले.

बसल्यावर पाठ गार पडली. बाई फळ्यावर काय लिहीत होत्या ते ताईला दिसत होतं, पण कळत नव्हतं. मागे कोणाचा कागद फाडल्याचा आवाज झाला. कोणी पेनचं टोपण काढलं. तिचा हात मागे निघाला. तो तिने ओढून बाकाखाली दाबला. पहिलं गणित तिने वहीत उतरवलं, दुसरं अर्धं उतरवलं.

तेवढ्यात मागून हसू आलं. आधी अगदी शेवटच्या बाकावर, दाबलेलं. मग त्याच्या पुढच्या बाकावर. ते एकेक ओळ ओलांडत पुढे येत होतं आणि ताईला प्रत्येक ओळ ऐकू येत होती. दार चार पावलांवर होतं. तिने वही मिटली. ती अर्धी उठलीच होती, एक पाय बाकाबाहेर, तेव्हा बाईंनी फळ्याकडून मान वळवली. पण त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. त्या वर्गाच्या मागच्या दाराकडे बघत होत्या.

“तू कोण गं? कोणत्या वर्गातली?”

“पहिली ब,” मागून ओळखीचा आवाज आला. “पण आत्ता मी कामावर आहे.”

मग काही दाबून ठेवण्यासारखं राहिलं नाही, सगळा वर्ग मोकळा हसला. बाईंनी चेहरा सरळ ठेवून विचारलं, कसलं काम. आपण पुढे बसलेल्या मुलीच्या पाठची आहोत आणि आपल्या शाळेला अजून वेळ आहे, असं टाचणीने कळवलं. बाईंनी खडू खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. तोवर त्यांचे ओठ जाग्यावर आले. घंटा होईपर्यंत शेवटच्या बाकावर चूप बसायचं असेल तर बस, असं त्या म्हणाल्या. त्यावर टाचणीने त्यांना नम्रपणे सांगितलं की शेवटचा बाक फार लांब पडतो.

बाकांच्या मधून तिची पावलं पुढे येऊ लागली. ताईने बाहेर काढलेला पाय आत घेतला आणि ती खाली बसली. तिने मागे पाहिलं नाही. मिटलेली वही उघडून ती गणिताचं राहिलेलं अर्धं शोधू लागली.

पावलं दुसऱ्या बाकापाशी थांबली.

“जरा सरक,” टाचणी मॉनिटरला म्हणाली. “इथे मी असते.”

हसू थांबलं. मॉनिटरने बाईंकडे पाहिलं, आणि मग समोरच्या पाठीकडे पाहिलं, बराच वेळ. तिने शेजारचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं, आणि ती सरकली.